पाच मिनिटांचा इन्साफ

दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्याच्या चौकात सकाळी उभे राहिले की दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. बालाघाटच्या डोंगरातून उतरलेल्या सीताफळांच्या पाट्या रस्त्याच्या कडेला मांडलेल्या असतात आणि त्यांच्यासमोरून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक, ट्रॅक्टर जात असतात. सोलापूर-धुळे महामार्ग आणि जामखेड-पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. बीड जिल्ह्यातले कितीतरी कोयते या चौकातूनच साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोपीचे बांबू, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर लेकरे. आम्ही या परिसरातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांत आमच्याही काही मुलांची घरे असतात. एसटीतून उतरून शाळेकडे जाताना एखाद्या ट्रॉलीतून ओळखीचा हात हलतो, "सर, सलाम!" अशी हाक येते. त्या दिवसापासून हजेरीपटावर एका नावापुढे गैरहजेरी लागत जाते.

आम्हाला लिहायचे आहे ते प्राथमिक शाळेतल्या संगणकाविषयी. वाचकांना वाटेल, सुरुवात भलतीकडेच झाली. पण वर्गात संगणक कसा वापरावा याचे जे थोडेफार शहाणपण आमच्याकडे आहे ते प्रशिक्षणाच्या सत्रांपेक्षा त्या ट्रॉलीतल्या लेकरांकडून जास्त आले आहे. म्हणून तेथूनच आरंभ करणे भाग आहे.

आधी साधा हिशेब मांडतो. सहावीच्या वर्गात 42 मुले. चालू स्थितीतले संगणक 3. आठवड्याला संगणकाच्या दोन तासिका, प्रत्येकी 35 मिनिटांच्या. म्हणजे तिन्ही यंत्रे मिळून आठवड्याची 210 मिनिटे. 42 मुलांत वाटली तर प्रत्येकाला 5 मिनिटे. वर्षात सुट्ट्या, परीक्षा वगळून 36 आठवडे धरले तर एका मुलाच्या वाट्याला सबंध वर्षात 3 तास. वीज गेली, यंत्र बिघडले, तर त्याहूनही कमी. ग्रामीण भागातल्या बहुतेक शिक्षकांना हा हिशेब नवा वाटणार नाही. शासनाच्या योजना बऱ्याच झाल्या. 1984 मध्ये देशात 'क्लास' नावाचा प्रकल्प निघाला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. 2004 च्या डिसेंबरात शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली. पुढे स्मार्ट टीव्ही आले, टॅब आले, 2017 मध्ये 'दीक्षा' आले. यंत्र कोणते घ्यावे, खोली कशी असावी, कोणता अभ्यासक्रम शिकवावा, या सर्वांवर मार्गदर्शन मिळाले. पण 5 मिनिटे वाटायची कशी, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. आणि वाटणीचा प्रश्न आला की तो यंत्राचा प्रश्न राहत नाही, इन्साफाचा होतो.

सुरुवातीला आम्ही काहीच वाटणी केली नाही. मुलांना यंत्रांभोवती बसवले आणि समजलो की शिकतील आपोआप. 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात सुगत मित्र यांनी भिंतीत संगणक बसवून झोपडपट्टीतल्या मुलांना खुला केला होता. त्या प्रयोगाविषयी आम्ही बी.एड.च्या काळात वाचले होते आणि भारावलो होतो. मुले शिक्षकाशिवायही बरेच शिकतात, हे त्यातून दिसले, यात शंका नाही. पण मार्क वॉर्शॉअर या अमेरिकन अभ्यासकाने तेथे जाऊन जे लिहिले ते आम्ही फार उशिरा वाचले. मुलांच्या भाषेतली सामग्री जवळपास नव्हती, मुले बहुतेक वेळ खेळात आणि चित्रे रंगवण्यात घालवत होती, आणि त्या गर्दीत मुलगेच पुढे होते. आमच्या वर्गात याहून वेगळे घडले नाही. ज्या मुलाच्या वडिलांचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते त्याच्या हातात माऊस गेला आणि तिथेच राहिला. बाकीची मुले त्याच्या खांद्यावरून पाहत राहिली. मुली सर्वांत मागे. महिनाभराने आम्ही विचारले, "कम्प्यूटर कोणाला येतो?" सगळा वर्ग त्या एका मुलाकडे बोट दाखवू लागला. आम्ही समजलो की वर्गात एक हुशार मुलगा तयार झाला. वास्तविक 41 मुलांनी "हे आपले काम नव्हे" एवढे मात्र पक्के शिकून घेतले होते.

मग आम्ही वही घातली. तारीख, यंत्र क्रमांक, हजेरी क्रमांक. ज्याचा क्रमांक त्याचीच पाच मिनिटे. मुले त्याला 'बारी' म्हणत. कोणाची बारी कोणी घ्यायची नाही, कोणाला जादा नाही, कोणाला कमी नाही. फळ्यावर तक्ता लावला. वर्गात शांतता आली. मुख्याध्यापकांनी कौतुक केले. आम्हालाही वाटले की आपण मोठे न्यायाचे काम केले.

त्या वर्षी एप्रिल सुरू झाला, कारखान्यांचे पट्टे पडले आणि टोळ्या परतू लागल्या. एक मुलगी सहा महिन्यांनी वर्गात आली. उन्हाने काळवंडलेली, हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे. कोपीवर धाकट्या भावाला सांभाळणे आणि आई फडात गेली की भाकरी-पाणी करणे, हा तिचा सहा महिन्यांचा अभ्यास. तासिका सुरू झाली तेव्हा ती तक्त्यासमोर बराच वेळ उभी होती. मग आमच्याकडे येऊन हळूच म्हणाली, "सर, मेरी बारी गई क्या?"

आम्ही वही उघडली. तिच्या क्रमांकापुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या. नियम सर्वांना सारखा होता आणि तो आम्हीच केला होता. आम्ही म्हणालो, "हां बेटा, गई. अब अगली बारी में." तिने मान हलवली आणि जाऊन बसली. तिने तक्रार केली असती, रडली असती, तर कदाचित आम्ही विसरून गेलो असतो. पण तिला ते रास्तच वाटले, हे आमच्या मनाला लागले. आपण नसलो तर आपला वाटा जातो, हे तिला घरातून, मुकादमाकडून, दुनियेकडून कळलेलेच होते. शाळेने त्यावर फक्त शिक्का मारला.

उर्दूत दोन शब्द आहेत आणि ते मराठी वाचकांनाही परके नाहीत. एक मुसावात, दुसरा अद्ल. मुसावात म्हणजे बरोबरी, सर्वांना सारखे. अद्ल म्हणजे न्याय, जी वस्तू जिथे असायला हवी तिथे ती ठेवणे. आपण बहुतेक वेळा हे दोन्ही एकच समजतो. आमच्या वहीत मुसावात होती. 42 मुलांना 42 सारखे चौकोन होते. पण त्या चौकोनांचा हिशेब वर्षभर वर्गात बसू शकणाऱ्या मुलाला धरून केला होता. ज्याचे बाप-चाचे गावात आहेत, ज्याच्या घरी जून ते एप्रिल एकच चूल पेटते, त्याच्या मापाने कापलेला तो सदरा होता. तो सर्वांना सारखाच दिला म्हणून सर्वांच्या अंगाला बसेल कसा?

उत्तर आम्हाला मोठ्या ग्रंथात सापडले नाही. ते मोहल्ल्याच्या मकतबमध्ये होते, जिथे आम्ही स्वतः लहानपणी कायदा वाचला. मकतबमध्ये वीस-पंचवीस मुले एकाच चटईवर बसतात, पण प्रत्येकाचा सबक वेगळा असतो. कोणी अलिफ-बेवर, कोणी पहिल्या पाऱ्यावर. हाफिजसाहेब एकेकाला जवळ बोलावून ऐकतात. एखादे मूल आजारी पडले, गावाला गेले, महिन्याने आले, तर त्याला कोणी म्हणत नाही की तुझा सबक गेला. कायद्यात जिथे खूण घातली होती तिथेच ते पुन्हा उघडायचे. मुलासाठी सबक थांबून राहतो. इतक्या साध्या जागेत ही केवढी मोठी गोष्ट शतकानुशतके चालू आहे! आणि आम्ही बी.एड. होऊन बारीची वही घातली, जी कोणासाठी थांबत नाही.

आम्ही वही बदलली. तारखेऐवजी मुलाचे नाव आणि नावापुढे सबक. एकूण चोवीस सबक ठरवले. यंत्र नीट चालू-बंद करणे हा पहिला. माऊस धरणे दुसरा. स्वतःचे नाव उर्दूत लिहिणे तिसरा. पुढे चित्र, पाढ्याचा तक्ता, मराठीत गावाचे नाव, आईवडिलांना चार ओळींचे पत्र, आणि शेवटी पडद्यावर दिसलेली माहिती खरी की खोटी हे पुस्तकाशी ताडून पाहणे. जो सबकात मागे त्याला आधी यंत्र. ज्याचा सबक पुरा झाला तो मागच्याला शिकवणार.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर ती मुलगी पुन्हा आमच्याकडे आली. "सर, जाने के पहले मेरा सबक जादा कर लेऊं क्या?" निघायला आठ-दहा दिवस होते. मुकादम तिच्या आईवडिलांना हंगामाआधी उचल देतो, ती फेडण्यासाठी ते सहा महिने राबतात. आम्हाला वाटले, लेकरालाही उचल का देऊ नये? अशी उचल, जी फेडावी लागत नाही. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर जाणाऱ्या मुलांना यंत्र देऊ लागलो. ती नऊ सबक करून गेली.

याला विरोध झाला नाही असे नाही, आणि तो विरोध पोकळही नव्हता. एका पालकाने येऊन स्पष्ट विचारले, "हमारे बच्चे का टाइम काट के दूसरे को कायकू देते?" त्यांचे गाऱ्हाणे हिशेबाने खरे होते. 210 मिनिटे तेवढीच आहेत, एकाला जादा तर दुसऱ्याला कमी. आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे याहून गंभीर होते. ते म्हणत, "आपली जमात मागे आहे. चार मुले तरी पूर्ण शिकू द्या, इंजिनिअर होऊ द्या. सगळ्यांना थोडे थोडे वाटून कोणाचेच पोट भरत नाही." या युक्तिवादात कळकळ आहे, आणि आम्ही रात्र-रात्र यावर विचार केला आहे. पण ती चार मुले निवडायची कशी? जी आज पुढे आहेत तीच ना? आणि ती पुढे का आहेत? घरी यंत्र आहे म्हणून. म्हणजे शाळेने घरातलीच वाटणी पक्की करायची. तेवढ्यासाठी शाळा कशाला हवी? पुढे जाणाऱ्याला आम्ही अडवलेले नाही, शिकवण्याचे काम दिले आहे, आणि शिकवताना माणूस किती शिकतो हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको. तरीही त्या पालकाच्या मुलाची काही मिनिटे गेली, हे खरे आहे. इन्साफ फुकट मिळतो असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरा विरोध ज्येष्ठ शिक्षकांचा. "पहले हाथ से अलिफ-बे तो सीधा निकलने दो." हाही सल्ला मोलाचा. पेरू देशाने 'एक मूल, एक लॅपटॉप' या कल्पनेखाली लाखो यंत्रे मुलांना वाटली. 2012 मध्ये तेथील ग्रामीण शाळांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत फरक पडल्याचे दिसले नाही. विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडा लाभ दिसला, एवढेच. याच कल्पनेचा एक छोटा प्रयोग आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत 2007 मध्ये झाला. वीस-बावीस मुले आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचे यंत्र. तेथे बारीचा प्रश्नच नव्हता! आम्हाला त्याचा हेवा वाटतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी केंद्र सरकारने देशभर ही यंत्रे घेण्याला नकार दिला होता, आणि पेरूचा अनुभव पाहता नुसते यंत्र हातात देणे पुरेसे नसते हेही खरे. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीमची परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रमाची समिती नेमली गेली. त्या शिक्षणातली टकळी स्वस्त होती, म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात येऊ शकली. पण टकळीमागे काय शिकवायचे याचा विचार आधी झाला होता, हे विसरू नये.

भाषेची गोष्ट तर आमच्या काळजाजवळची. प्रथम जेव्हा पडद्यावर उर्दू उमटली तेव्हा ती नस्ख वळणाची होती. एका मुलाने विचारले, "सर, ये अरबी है क्या?" त्याने पाठ्यपुस्तकात पाहिलेली उर्दू नस्तालिक वळणाची, तिरकी उतरत जाणारी. उर्दूची छपाई पिढ्यानपिढ्या कातिबांच्या हातावर चालली. मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालिक 1981 मध्ये आले तेव्हा कुठे हे वळण यंत्रावर बसले. 2014 मध्ये नोटो नस्तालिक मोफत मिळू लागले आणि आमच्या वर्गातल्या मुलांनी आपले नाव आपल्या वळणात पाहिले. नाव पाहून त्या मुलांचे चेहरे असे खुलले की चोवीसपैकी तोच सबक आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीही आधी मुलांच्या भाषेचाच विचार केला. कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पाठ त्यांच्या भाषेत नेले, क्यूआर कोड त्याला जोडले. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. त्यांचे तंत्र पुष्कळांनी उचलले. आमच्या मते त्यांची वाटणीही उचलण्यासारखी आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे अभियान निघाले. घरात एकच फोन, तो आधी अब्बांचा, मग भाईचा, आणि उरला तर बहिणीचा. आम्ही रोज पाठ पाठवायचो आणि उत्तरे त्याच दहा-बारा घरांतून यायची. वहीत मांडलेला इन्साफ घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो, हे तेव्हा कळले. म्हणून शाळेत मिळणाऱ्या पाच मिनिटांची किंमत आमच्या लेखी आणखी वाढली.

या सगळ्या अनुभवातून आमच्या शाळेपुरते काही नियम तयार झाले आहेत. शिक्षक वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. पहिला, शिकणाऱ्याच्याच हातात माऊस. मदत करणाऱ्याने हात मागे बांधून तोंडाने सांगायचे. दुसरा, वाटा तारखेवर नाही, सबकावर. गैरहजेरीने सबक जात नाही. तिसरा, जाणाऱ्या मुलाला आधी उचल. चौथा, एक यंत्र कायम मुलींकडे, तेथे मुलग्याने मदतीलाही बोलावल्याशिवाय जायचे नाही. पाचवा, आरंभ मुलाच्या भाषेतून आणि त्याच्या नावापासून. सहावा, पाटीवर किंवा वहीत जे होते त्यासाठी यंत्र वापरायचे नाही. आणि सातवा, जो आम्हाला सर्वांत उशिरा सुचला: संगणक बक्षीस म्हणून द्यायचा नाही, शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही. गृहपाठ केला नाही की "तुझी बारी बंद" असे आम्हीही कित्येकदा म्हटले आहे. गृहपाठ कोणाचा राहतो? ज्याच्या घरी संध्याकाळी भाऊ सांभाळायचा असतो त्याचा. म्हणजे शिक्षा पुन्हा त्याच लेकराला.

2023 मध्ये युनेस्कोने शिक्षणातील तंत्रज्ञानावर अहवाल काढला आणि हे साधन कोणाच्या अटींवर, असा सवाल त्याच्या शीर्षकातच विचारला. आता तर विचारले की उत्तर लिहून देणारी यंत्रे आली आहेत, ती उर्दूतही लिहितात. उद्या आणखी काही येईल. पण वर्गात ते आले की पहिला प्रश्न हाच राहील: सर्वांत मागे उभ्या असलेल्या लेकराचा हात त्याच्यापर्यंत पोहोचतो का? शाळेतली वस्तू ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब शेवटच्या हकदारापासून सुरू करावा लागतो.

ती मुलगी पुढच्या एप्रिलमध्ये आली, दहाव्या सबकापासून सुरू करून चौदाव्यापर्यंत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी टोळी परतली, पण ती शाळेत आली नाही. तिच्या वडिलांनी सांगितले की आता ती आईबरोबर मोळ्या बांधते. आम्ही दोनदा घरी जाऊन आलो. पाच मिनिटांच्या इन्साफाने एका मुलीचे नशीब बदलते, असे आम्ही म्हणू शकत नाही. तिच्या आईवडिलांची उचल आमच्या वहीपेक्षा भारी ठरली. पण म्हणून आमचा पहिला नियम बरोबर होता असेही ठरत नाही. दुनिया तिच्याशी जशी वागली तसे शाळेनेही वागावे, याला तेवढे कारण पुरत नाही.

वहीत तिच्या नावापुढे 'सबक 14' लिहिलेले आहे. नवीन वही घालताना आम्ही ते नाव पुढे उतरवून घेतो. ती आली, तर पंधरावा तिची वाट पाहत असेल.